तिसऱ्यांना ‘शाश्वत’ प्रमाणपत्र काढावं का?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात साठ-सत्तर बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिसऱ्या आणि खुबे हे खाण्याचे शिंपले काढतात. गावच्या मच्छीमार सोसायटीकडे एक निर्यातदार आला आणि म्हणाला, ‘शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काढा, भाव दीडपट मिळेल.’ सोसायटीचं काम पाहणाऱ्या ताईंनी विचारलंय की हे प्रमाणपत्र नक्की काय असतं, खर्च किती येतो आणि आपल्याला ते झेपेल का.

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. प्रमाणपत्र आज काढू नका. पण ते काढण्यासाठी जी कामं करावी लागतात, त्यातली निम्मी येत्या अमावास्येपासून सुरू करा. त्यांना पैसे लागत नाहीत. ती झाली नाहीत तर पैसे भरूनही प्रमाणपत्र मिळत नाही, मिळालं तरी टिकत नाही. गेली वीसेक वर्षं मी खाडीकाठच्या गावांत हेच काम करतोय. प्रमाणपत्राच्या नादाने सुरू झालेली आणि अर्ध्यावर सुटलेली कामं बरीच पाहिली. एका गावात बाहेरून आलेल्या सल्लागाराने पूर्वतपासणी केली आणि जाडजूड इंग्रजी अहवाल दिला. तो सोसायटीच्या कपाटात लाल फडक्यात बांधून ठेवलाय, पोथीसारखा. कुणी सोडला नाही, कुणी वाचला नाही.

निर्यातदार ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ म्हणाला म्हणजे नक्की कुठलं, हे त्याला पहिल्यांदा विचारा. तीन वेगळे कागद आहेत आणि बोलताना त्यांची सर्रास खिचडी होते. एक असतो युरोपात माल पाठवताना लागणारा पकड दाखला. मासा चोरीछुपे किंवा कायदा मोडून धरलेला नाही, एवढंच तो सांगतो. हा नियम युरोपने २०१० पासून लावला आणि आपल्याकडे तो दाखला एमपीडा, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, तपासून देतं. दुसरा कागद आरोग्याचा. तिसरा शाश्वततेचा. शिंपल्यांच्या बाबतीत दुसरा कागद सगळ्यात जड आहे आणि त्याचं नावच कुणी काढत नाही. तिसरी पाणी गाळून जगते. खाडीत गावाचं सांडपाणी येत असेल तर ते तिच्या पोटात जाणारच. म्हणून युरोपात शिंपले काढण्याच्या जागांनाच अ, ब, क असे वर्ग असतात. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय जंतू २३० च्या आत असतील तर अ वर्ग, म्हणजे शिंपले थेट खाता येतात. त्यावर ४,६०० पर्यंत ब वर्ग, म्हणजे स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करूनच विकायचे. शाश्वततेचं प्रमाणपत्र या बाबतीत अवाक्षर काढत नाही. खाडीत तिसऱ्या भरपूर असतील, काढण्याची पद्धत नमुनेदार असेल, आणि तरीही माल बंदरात अडकेल, असं होऊ शकतं. निर्यातदाराला हे पक्कं ठाऊक असतं. तो ते सांगत नसेल तर का सांगत नाही, याचा विचार करा.

शाश्वततेच्या कागदांत सगळ्यात मोठं नाव मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एमएससीचं. १९९७ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आणि युनिलिव्हर ही कंपनी यांनी मिळून ती उभी केली. डब्यावर निळं मासोळीचं चिन्ह असतं, ते तिचं. एमएससी स्वतः तपासणी करत नाही, ती नियम घालून देते. तपासणी करणारी कंपनी वेगळी असते आणि तिची फी आपण भरायची. त्या कंपनीचे लोक तीन गोष्टी पाहतात: साठा टिकून आहे का, काढण्याने खाडीतल्या बाकी जीवांचं आणि तळाचं नुकसान होतं का, आणि कारभार कोण चालवतं. या तिन्हींखाली मिळून पंचवीसच्या आसपास मुद्दे असतात. प्रत्येकाला गुण मिळतात. एकाही मुद्द्यात साठच्या खाली गेलात तर नापास. तिन्ही भागांची सरासरी प्रत्येकी ऐंशी हवी. साठ ते ऐंशीच्या मधे जे अडकतं, ते ठरलेल्या मुदतीत सुधारून दाखवायचं. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, आणि दर वर्षी तपासनीस येणार.

आणखी एक गोष्ट. हे प्रमाणपत्र कुणाच्या तरी नावावर निघतं, पण सगळ्या गावाच्या किंवा सोसायटीच्या मासेमारीला मिळत नाही. ते एका जातीला, एका पद्धतीला आणि एका जागेला मिळतं. तुमच्या पत्रात ‘तिसऱ्या आणि खुबे’ असं आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ही दोन प्रकरणं झाली, कदाचित तीन. नावं खाडीगणिक बदलतात. तुमची तिसरी चार कोसांवर मुळा होते. म्हणून सुरुवात इथून करा: प्रत्येक प्रकारचे दहा-बारा शिंपले घ्या आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन शास्त्रीय नाव लिहून आणा.

आता अष्टमुडीची गोष्ट. ती कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. २००२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे पॅफिया मलबारिका नावाचा शिंपला निघतो, जो आपल्या रत्नागिरीच्या खाड्यांतही आहे. साधारण तीन हजार लोकांचं पोट त्यावर. होडीतून लांब बांबूला लावलेली लोखंडी दातांची फणी तळाशी ओढतात, मागे जाळीची पिशवी. काही जण बुडी मारून हातानेही काढतात. माल शिजवून, मांस सोडवून, गोठवून व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडे जाऊ लागला आणि धंदा फोफावला. १९९१ ला पकड दहा हजार टनांपर्यंत गेली. दोनच वर्षांत, १९९३ ला, ती निम्म्यावर आली.

तेव्हा तिथल्या लोकांनी सीएमएफआरआयच्या, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, शास्त्रज्ञांना सोबत घेऊन नियम बांधले. डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपला अंडी घालतो, तेव्हा काढणं बंद. पिशवीच्या जाळीचा डोळा तीस मिलिमीटरपेक्षा लहान नको. तिसरा नियम मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. किलोला १,४०० पेक्षा जास्त नग भरतील इतकं बारीक मांस निर्यात करायचं नाही. गणित करून पाहा, एका शिंपल्याचं मांस सरासरी पाऊण ग्रॅमच्या आसपास हवं. हा नियम खाडीत नाही, कारखान्याच्या दारात लागू होतो. बारीक माल कारखानदार घेईना, म्हणून दलाल घेईना, म्हणून कुणी काढेना. खाडीत पहारा ठेवायला माणसं कुठून आणणार? दारावर वजनकाटा मात्र असतोच.

नियम लागले आणि पकड सावरली. प्रमाणपत्र आलं नोव्हेंबर २०१४ ला, म्हणजे नियमांनंतर वीस वर्षांनी. भारतातली एमएससी मिळवणारी ही पहिली मासेमारी. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया आणि सीएमएफआरआय पाठीशी होते. मच्छीमार, निर्यातदार, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी एकत्र बसतील अशी परिषद त्यासाठी उभी राहिली. वीस वर्षांचे नियम आणि नोंदी हाताशी होत्या म्हणून ते जमलं. तुमच्या निर्यातदाराला हे वीस वर्षांचं अंतर गाळून थेट निळ्या चिन्हावर उडी मारायची आहे.

आणि तो सांगणार नाही असा गोष्टीचा पुढचा भाग. पुढच्या काळात अष्टमुडीतला साठा पुन्हा घसरला. सीएमएफआरआयला हॅचरीत वाढवलेली शिंपल्याची पिल्लं सरोवरात नेऊन सोडावी लागली. खाडीचं पाणी, पूर, गाळ, प्रदूषण हे कुणाच्या प्रमाणपत्राला विचारून येत नाहीत. दुसरं म्हणजे माल ज्या देशांत जायचा, तिथे निळं चिन्ह पाहून जास्तीचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मुळात थोडं. व्हिएतनामच्या बेन त्रे प्रांतातल्या शिंपल्याला २००९ मध्ये हेच प्रमाणपत्र मिळालं. आग्नेय आशियातली ती पहिली मासेमारी. तिथे ते कामाला आलं, कारण त्यांचा शिंपला युरोपात जात होता आणि तिथले खरेदीदार चिन्ह मागत होते. शिंपल्यांची किनाऱ्यावरची जमीन सहकारी संस्थांकडे होती आणि राखणीला त्यांचीच माणसं होती. चिन्ह तेच, मागणारा वेगळा.

म्हणून खर्चाआधीचा प्रश्न: तुमच्या तिसऱ्या आज जातात कुठे? माझ्या अंदाजाने रत्नागिरीच्या बाजारात वाट्यावर, थोड्या गोव्याच्या हॉटेलांना, थोड्या मुंबईला. बाजारात वाटा घेणारी बाई तिसरी हातात घेऊन घट्ट मिटलेली आहे का ते बघते. निळं चिन्ह ती बघत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता खर्च. एमएससीनेच दिलेला अंदाज एका तपासणीला पंधरा हजार ते एक लाख वीस हजार डॉलरचा आहे. आपल्या पैशात बारा-तेरा लाखांपासून कोटीपर्यंत. तुमचं काम लहान आहे म्हणून खालची बाजू धरू, पंधरा लाख. समजा सत्तर बायका, दिवसाला प्रत्येकी पाच किलो, वर्षात एकशेवीस सुकत्या. बेचाळीस हजार किलो होतात. पंधरा लाख पाच वर्षांत वाटले तर वर्षाला तीन लाख, किलोमागे सात रुपयांच्या वर. वार्षिक तपासण्यांचा खर्च वेगळा. चिन्ह वापरायची फी पुढच्या विक्रेत्याकडून घेतात, पण तो ती शेवटी कुठून काढणार ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे निर्यातदाराने किलोला आठ-दहा रुपये लेखी वाढवून दिले तरी बायकांच्या हाती काही पडत नाही. माझे आकडे चुकीचे वाटले तर तुमचे घाला, हिशेबाची रीत हीच राहील.

शिवाय माल ज्या ज्या हातांतून जातो, त्या प्रत्येकाकडे साखळीचा वेगळा दाखला लागतो. तुमच्याकडचा माल उचलणारा दलाल आपल्या टेम्पोत तीन खाड्यांच्या तिसऱ्या एकत्र ओततो. ज्या क्षणी ओतल्या, त्या क्षणी चिन्ह गेलं.

पैशाची बाजू सांगितली म्हणून सगळं वाईटच आहे असं समजू नका. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात लाल शेवंडाची, म्हणजे लॉबस्टरची, मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांना २००४ ला एमएससी मिळालं. गरीब देशांतल्या गावकऱ्यांच्या मासेमारीला मिळालेलं ते अगदी सुरुवातीचं प्रमाणपत्र. शेवंड जात होता आशियाच्या बाजारात, त्यामुळे भावात फारसा फरक पडला नाही. पण सरकारदरबारी त्यांचं वजन वाढलं, वर्षानुवर्षं अडलेल्या विजेसारख्या सोयी मिळाल्या. या साऱ्या प्रकारातला खरा नफा मला तरी इथेच दिसतो. आणि तो कमवायला पंधरा लाखांचा कागदच लागतो असं नाही.

तुमच्या खाडीचं दुखणं काय आहे, ते पत्रात एका ओळीत आलंय: ‘वाळूवाले वरच्या अंगाला आलेत.’ ताई, ही ओळ पहिली हवी होती. सक्शन पंपाने वाळू उपसली की तिसऱ्यांचा थर मुळासकट जातो आणि उरलेल्यांवर गाळ बसतो. बायकांनी वर्षभर एकही बारीक तिसरी उचलली नाही तरी एका पंपाचं नुकसान भरून निघत नाही. प्रमाणपत्रवाला तपासनीस हे अहवालात नोंदवेल, गुण कापेल आणि निघून जाईल. तहसीलदाराकडे तक्रार घेऊन तुम्हालाच जायचंय. तिथे ‘आमच्या तिसऱ्या कमी झाल्या’ असं तोंडी सांगणं आणि दोन वर्षांच्या पकडीच्या नोंदींची वही टेबलावर ठेवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी वहीचा एवढा धोशा लावतो तो यासाठी.

वहीत काय लिहायचं? शास्त्रज्ञ विचारतात, प्रयत्नामागे पकड किती. हा प्रश्न असाच विचारला की बायका गप्प बसतात आणि पाहुणा लिहून घेतो, ‘माहिती उपलब्ध नाही.’ मी एकदा एका बैठकीत विचारलं, ‘पूर्वी पाटी भरायला किती वेळ लागायचा?’ अर्धा तास आवाज थांबेना. सासू असताना गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी पाटी भरायची, आता पैल काठाच्या बांधापर्यंत चालावं लागतं, अमुक साली पूर आला तेव्हापासून अमुक जागा मेली. हीच ती माहिती. नोंदी कमी असलेल्या मासेमारीसाठी एमएससीतही जोखमीवर आधारलेली वेगळी पद्धत आहे, तिच्यात जाणत्यांना बसवून अशाच गोष्टी विचारतात. तेव्हा वहीत एवढंच लिहा: तिथी, जागा, किती जणी, किती वेळ, किती पाट्या. महिन्यातून दोनदा पाटीतल्या शंभर तिसऱ्या मोजून त्यातल्या बारीक किती, तेही. तारखेपेक्षा तिथी लिहा, कारण उधाण-भांग, म्हणजे भरती-ओहोटी मोठी की लहान, ते तिथीवरच कळतं आणि दोन वर्षं शेजारी ठेवून तुलना करायला तीच बरी पडते.

बारीक कुठल्या म्हणायच्या, ते माप महाविद्यालयातल्या लोकांना विचारून ठरवा आणि त्या मापाची लोखंडी कडी लोहाराकडून करून घ्या. कडीतून पडली ती परत खाडीत. सरकारने २०२३ मध्ये पापलेट, सुरमई, बोंबील धरून ५४ जातींची किमान मापं ठरवून दिली. त्या यादीचा रोख समुद्रातल्या माशांवर आहे. खाडीतल्या बायकांच्या पाटीत डोकवायला कुणी येणार नाही, ते तुमचं तुम्हालाच करायचंय.

बंदीचे महिने केरळचे उचलू नका. आपल्याकडे पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, मग हळूहळू खारट होतं, शिंपल्याचं सगळं चक्र त्यावर फिरतं. तिसरी कधी भरलेली असते आणि कधी पोकळ, हे शिजवणाऱ्या बाईला कुणाही शास्त्रज्ञाच्या आधी कळतं. ते वहीत आणा, दोन हंगाम पाहा, मग ठरवा. तोवर एक सोपी युक्ती. लांबचा जो पट्टा फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला उघडा पडतो, तो तसाच सोडा. बियाण्याला राहू दे. दोन गावांत मी हे होताना पाहिलंय. त्यातल्या एका गावात ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालून पट्टा राखायला काढला. तिथे अजून कुणी हात लावलेला नाही. दुसऱ्या गावात ठराव केला, फलक लावला. फलक पहिल्याच पावसात वाहून गेला.

तरी ठराव हवाच. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते आणि सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं. ती जागी करा. तिसऱ्यांच्या जागा, काढणाऱ्या बायका, राखलेला पट्टा, सगळं या समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवा. व्यापारासाठी बाहेरून येणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचा अधिकारही या समितीला कायद्याने आहे. एमएससीचा तिसरा भाग, कारभार कोण चालवतं, तो यातूनच भरून निघतो. आपल्या गावांची नापास व्हायची जागाही नेमकी तीच असते.

आता एक अवघड गोष्ट, सोसायटीतल्या पुरुषांना आवडणार नाही. तुमच्या सोसायटीच्या सभासद यादीत या सत्तर बायकांपैकी किती आहेत? सोसायट्या होडीवाल्यांच्या. डिझेलचा परतावा, जाळी, बर्फ हा त्यांचा संसार. पायांनी चाचपून तिसऱ्या काढणारी बाई त्यांच्या लेखी मच्छीमारच नाही. उद्या प्रमाणपत्र सोसायटीच्या नावावर आलं तर जास्तीचा भाव कुणाच्या खात्यात जाईल? आणि निर्यातदाराच्या नावावर आलं तर त्याहून वाईट. ज्याच्या नावावर प्रमाणपत्र, तो ठरवतो चिन्हाखाली कुणाचा माल घ्यायचा. खाडी तुमची, राखण तुमची, आणि तुम्ही दुसऱ्या व्यापाऱ्याला माल दिला तर तो ‘अप्रमाणित’. त्याने खर्च उचलायची तयारी दाखवली असेल तर त्याचं कारण हेच असण्याची शक्यता जास्त. बायकांची स्वतंत्र यादी करा, त्यांचा बचतगट असेल तर त्याच्या नावाने.

भाव वाढवायचाच असेल तर जवळचा रस्ता वेगळा आहे. गोव्यातली चार हॉटेलं धरा, ज्यांना एकाच मापाच्या, वाळू काढलेल्या, जिवंत तिसऱ्या ठरल्या दिवशी हव्या असतात. स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही तास ठेवून वाळू टाकायला लावलेली तिसरी आणि पाटीतून थेट आलेली तिसरी यांच्या भावातला फरक निळ्या चिन्हाहून मोठा निघेल. खाडीचं पाणी मात्र आधी तपासून घ्या. वाळू गेली म्हणजे जंतू गेले असं नाही.

निर्यातदाराला तोडू नका. त्याला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहा आणि तीनच गोष्टी लेखी मागा: कुठल्या देशातला कुठला खरेदीदार हे चिन्ह मागतो, त्यासाठी किलोमागे किती रुपये किती वर्षं वाढवून देणार, आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावावर असणार. उत्तर आलं तर मला पाठवा, आपण बसून वाचू. एका महिन्यात आलं नाही तर तेच उत्तर समजा.

अमावास्येला सुकती सकाळी सहाच्या सुमारास मिळते. तोवर दोन वह्या आणा, जाड पुठ्ठ्याच्या. एक घरी, एक खाडीवर प्लास्टिकच्या पिशवीत. नोंद पेन्सिलीने करा, ओल्या हाताने बॉलपेनची शाई पसरते.